इचलकरंजीत दोन दिवस : माग सोडून (किंवा मागासकट) काय काय बघावं? सल्ला हवा

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. माझा भाचा पुण्याला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. एखादं लहान औद्योगिक गाव निवडायचं आणि तिथला वारसा नोंदवायचा, असं काम त्याला मिळालंय. नकाशे, मोजमापं, फोटो, लोकांशी बोलणं, सगळं. पठ्ठ्यानं इचलकरंजी निवडली आणि मला फोन केला, "मावशी, तुझ्या शेजारीच आहे ना?"

शेजारी आहे की, तीस किलोमीटरवर. पण खरं सांगते, कोल्हापुरात चाळीस वर्षं काढली आणि इचलकरंजीला गेले ती लग्नांना आणि साड्या-चादरींना. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' हे शाळेत पाठ केलं होतं, तेवढीच माझी पुंजी. तिथं जुनं काय आहे म्हणून त्यानं विचारलं, तर मी "माग" म्हणाले आणि गप्प बसले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय, हातात दोन दिवस. मुक्काम माझ्याकडं, गाडी माझी, ड्रायव्हरही मीच. कुठं जावं, कुणाला विचारून जावं, चालू माग आत जाऊन बघता येतो का, हे सांगा. आणि कृपा करून अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा सुचवू नका. ते त्यानं माझ्या कडेवर बसून बघितलंय.

पानपट्टी

इचलकरंजीत बघण्यासारखं काय हाय मावशी? धूळ, टेम्पो आणि रात्रंदिवस खटखट. येताना मिसळ खावा आणि गुमान घरला या.

धोटा

पानपट्टी भावा, ती खटखटच तर बघायला जायची असते.

ताई, मी इचलकरंजीचा. जन्म गावभागातला, आता नोकरीमुळं बाहेर. आमच्या घरात खाली चार माग आणि वर आम्ही. फरशीला कान लावला की खालचा कुठला माग थांबलाय ते आजीला कळायचं. माग थांबला की आम्हा पोरांना जाग यायची, चालू असला की झोप. हे गंमत म्हणून सांगत नाही. त्या गावात काय बघायचं याचं उत्तर यातच आहे. तुम्ही 'गिरणी' शोधत गेलात तर हात हलवत परत याल. मुंबई-सोलापूरसारखी एक मोठी गिरणी, तिची एक चिमणी, एक गेट, एक भोंगा, असं इथं नाही. इचलकरंजी म्हणजे घराघरात वाटून दिलेली गिरणी. एका गल्लीत सूत उघडतात, दुसरीत खळ देतात, तिसरीत विणतात, चौथीत घडी घालतात. मधली ने-आण टेम्पो आणि हातगाड्यांवर. पानपट्टीला जी धूळ आणि टेम्पो दिसले ते त्या गिरणीच्या आतले रस्तेच आहेत.

म्हणून भाच्याला सांगा, इमारतींच्या मागं न लागता सुताच्या मागं लाग. क्रम असा :

पहिल्यांदा वार्पिंग (ताण्याचे, म्हणजे उभे धागे एकत्र गुंडाळणं) आणि सायझिंग (त्यांना खळ देणं). गावात ज्या उंच चिमण्या दिसतात त्या बहुतेक सायझिंगच्या बॉयलरच्या. कच्चं सूत मागावर तसंच चढवलं तर धोट्याच्या (आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी नळकांड्याच्या) घासण्यानं तटातट तुटतं. म्हणून ताण्याच्या सुताला खळ पाजतात, वाळवतात आणि बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळतात. आत शिरलात की ओल्या खळीचा वास येतो, भाताच्या पेजेसारखा. सकाळी लवकर गेलात तर बरं, दुपारी आत उभं राहवत नाही.

मग वहिफणी. हे बघायला कुणी जात नाही आणि माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखं हेच. बीमवरचा प्रत्येक धागा वहीच्या (उभे धागे वर-खाली करणारी मागाची चौकट, लिहायची वही नव्हे) डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून हातानं ओवायचा. हजारो धागे. दोघं समोरासमोर बसतात, एक धागा देतो, दुसरा आकड्यानं ओढून घेतो. एक धागा चुकला की कापडात उभी रेघ, अगदी शेवटच्या मीटरपर्यंत. वहिफणीवाले बोलत बोलत काम करतात, पण मोजणीत चुकत नाहीत. भाच्याला तासभर नुसतं बसू दे तिथं.

त्यानंतर माग. साधे माग आता भराभर भंगारात चाललेत, वजनावर विकले जातात. त्यांच्या जागी रेपिअर आणि एअरजेट आले. रेपिअरमध्ये आडवा धागा चिमट्यानं नेतात, एअरजेटमध्ये हवेच्या झोतानं. धोटाच नाही. म्हणजे 'खटखट' करणारी वस्तूच गेली. साधा माग चालू दिसला तर तो आधी बघा. त्याच्याजवळ कांडी भरणारी बाई किंवा पोरगा असेल. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. मागावर धोटा इकडून तिकडं मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो, त्यामुळं कांडी संपायला वेळ लागत नाही. चार माग सांभाळणारा कामगार दिवसभर उभाच.

कानात कापूस घाला. थट्टा नाही.

मंगळवारपेठकरीण

धोटा, वाचता वाचता चहा गार झाला. पण एक शंका. त्याच्या सरांना 'इमारती' हव्यात. घराघरात वाटलेली गिरणी त्यांना कशी पटणार? आणि आत सोडणार कोण?

मोडीवाचक

सरांना इमारत हवी असेल तर राजवाडा आहे, पण त्याची गंमत अशी की राजवाडा आता कॉलेज आहे. डीकेटीईचं टेक्स्टाइल आणि इंजिनिअरिंग कॉलेज तिथंच भरतं. १९८२ साली सुरू झालं, दत्ताजीराव कदमांच्या नावानं संस्था आहे. जहागीरदाराच्या वाड्यात मागाचं शास्त्र शिकवणं, याहून नेमकं उदाहरण भाच्याला कुठं मिळणार? कॉलेजातून आधी पत्र घेऊन जाऊ दे, विद्यार्थी म्हटल्यावर सहसा कुणी अडवत नाही.

थोडा मागचा इतिहास सांगतो, म्हणजे वाडा बघताना डोक्यात काहीतरी असेल. संस्थानचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी, कोकणातल्या म्हापणचा. सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी राहिला, मर्जीतला झाला आणि कृतज्ञता म्हणून धन्याचंच आडनाव घेतलं. म्हणून इचलकरंजीचे घोरपडे हे मूळचे जोशी. मुधोळ-कापशीचे घोरपडे वेगळे, भाच्यानं एका वहीत एकत्र करू नये. नारो महादेवाचा मुलगा व्यंकटराव. त्याला बाळाजी विश्वनाथाची मुलगी अनुबाई दिली, म्हणजे पहिल्या बाजीरावाची सख्खी बहीण. व्यंकटरावामागं जहागिरीचा कारभार तिनं बघितला. पेशव्यांची बहीण इचलकरंजीत आणि कोल्हापूरच्या छत्रपतींची गादी जवळच पन्हाळ्यावर, यातून काय ताण झाले असतील ते सांगायला नको. पुढं इंग्रजी अमदानीत इचलकरंजी कोल्हापूरच्या अखत्यारीतली जहागीर म्हणूनच राहिली. आजऱ्याचा मुलूखही याच जहागिरीत होता. आजरेकरांना हे सांगितलं की त्यांना अजून गंमत वाटते.

पण उद्योगाच्या दृष्टीनं नाव घ्यायचं ते नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं. १८९२ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं कारभार. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथला पहिला यंत्रमाग बसवला तो बाबासाहेबांच्याच काळात. साल लक्षात घ्या. १९०४ म्हणजे बंगालच्या फाळणीच्या आधीचं. स्वदेशीची लाट यायच्या आधीच इथं माग आलेला होता, लाटेनं त्याला गिऱ्हाईक दिलं. आधी लुगडी, मग धोतर, पॉपलीन, कॅम्ब्रिक.

वासुदेवशास्त्री खऱ्यांनी या संस्थानचा इतिहास लिहून ठेवलाय. जुन्या वाचनालयात मिळेल. आपटे वाचन मंदिरात विचारा, तेही शंभरी कधीच ओलांडलेलं आहे आणि स्वतःच बघण्यासारखं आहे.

पानपट्टी

बाजीरावाची बहीण इचलकरंजीत?? आयला. हे शाळंत कुणी सांगितलं न्हाई. धूळ-टेम्पो मागं घेतो.

उद्यमनगरी

माझा सल्ला जरा वेगळा. इचलकरंजीला जाच, पण एक सकाळ कोल्हापुरातच द्या. इचलकरंजी वेगळी का, हे कळायला आधी उलटं उदाहरण बघावं लागतं.

शाहू मिल. १९०६ साली शाहू महाराजांनी उभी केली, कोटीतीर्थाच्या बाजूला. दगडी बांधकाम, ती चिमणी, आणि भोंगा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं तेव्हा भोंग्यावर दूध तापायचं. २००३ साली बंद पडली. २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम तिथं झाले तेव्हा कितीतरी कोल्हापूरकर पहिल्यांदा आत गेले. मीही त्यातलाच, लाज वाटली. रोज शेजारून स्कूटरवर जातो आपण. एकच मालक, एकच गेट, एका हुकमानं चालणारी आणि एका हुकमानं बंद पडणारी गिरणी म्हणजे काय, ते तिथं बघा. आत जायचं तर आधी चौकशी करा, बाहेरून चिमणीचं रेखाटन तर कुणी अडवत नाही.

मग तिथून शिवाजी उद्यमनगर. इथं मी पक्षपाती आहे, पोट तिथंच भरतं. आपल्याकडं फाउंड्री आणि लेथ का वाढली? उसामुळं. गुऱ्हाळाचा चरखा, पाण्याचं इंजिन, पंप, सगळं शेतात मोडायचं आणि दुरुस्त करायला पेठेत यायचं. दुरुस्त करता करता मेस्त्री लोकांनी भाग ओतायला सुरुवात केली, भाग ओतता ओतता आख्खं ऑइल इंजिन. इंजिनिअरिंगची पदवी कुणाकडं होती? म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी हातानं शिकून हा धंदा उभा केला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले एमआयडीसीत मोटारीचे सुटे भाग ओततात, त्याचं मूळ या गल्ल्यांत आहे. अजून एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना पट्ट्यावरचा लेथ दिसेल. आणि याच मेस्त्रीपणातून १९१८ साली बाबूराव पेंटरांचा स्वदेशी सिनेमा कॅमेरा तयार झाला. खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ आहे, त्याच्या बुडाला लोक गाड्या लावतात.

भाच्याला एक प्रश्न द्या माझ्याकडून. शाहू मिल बंद पडली, उद्यमनगर आणि इचलकरंजी हेलकावे खात का होईना चालू राहिली. का?

किर्लोस्करवाडीचा जावई

उलटंच उदाहरण हवं असेल तर किर्लोस्करवाडी बघा की. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळ दिला, १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव दोन्ही वसवलं. रेल्वेनं जाता येतं.

मंगळवारपेठकरीण

जावईबापू, सांगली जिल्हा झाला तो! दोनच दिवस आहेत हो.

तानपुरा

कुणीच गाण्याचं बोललं नाही, म्हणून मी.

ज्या गावात चोवीस तास माग वाजतात त्या गावाचं नाव महाराष्ट्रातल्या ख्यालगायनाशी जोडलेलं आहे, हे किती जणांना माहीत आहे? पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, १८४९ ते १९२६. ग्वाल्हेरला जाऊन वासुदेवबुवा जोशींकडं शिकले आणि ती गायकी दक्षिणेत घेऊन आले. नारायणराव बाबासाहेबांच्या दरबारी गवई म्हणून राहिले, म्हणून इचलकरंजीकर. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा. आज गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी पोरं या साखळीतली शेवटची कडी. पलुस्करही इचलकरंजीतच त्यांच्याजवळ बसून शिकले.

वाडा बघायला गेलात तर बाजूला जरा थांबा. नोंदवण्यासारखी वास्तू नसेल, पण आवाजाचाही वारसा असतो.

मोडीवाचक

तानपुरा, एक दुरुस्ती. पलुस्कर कुरुंदवाडचे, फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली आणि मग गाणं शिकायला पाठवले ते मिरजेला. बुवा तेव्हा मिरजेत होते. त्यामुळं 'इचलकरंजीत शिकले' असं लिहिलं तर भाच्याचे सर लाल शाई वापरतील.

तानपुरा

मान्य. अर्धवट ऐकीव लिहिलं. बाकीचं कायम.

हुपरीची लेक

इचलकरंजीला जाताय आणि हुपरी वगळताय? अगदी जवळ आहे. चांदीचं गाव. आमच्याकडं पण तेच आहे जे धोटा म्हणतात, घराघरात वाटलेलं काम. एका घरी चांदीची तार ओढतात, दुसऱ्या घरी कड्या जोडतात, तिसरीकडं घुंगरं, चौथीकडं झाळकाम, म्हणजे डाग देऊन जोडणं. बायका ओट्यावर बसून स्वयंपाक सांभाळत पैंजणाच्या कड्या जोडतात. माझी आई कुकरच्या शिट्ट्या आणि कड्या एकदमच मोजायची. उत्तरेतल्या बाजारात जाणारे कितीतरी पैंजण आमच्या, रेंदाळच्या आणि पट्टणकोडोलीच्या ओट्यांवर जोडलेले असतात. कुठल्याही घरात तोंड उघडून विचारा, चहा तर मिळेलच. पण चांदीचं काम आहे, फोटो काढण्याआधी विचारा. माल घरात असतो, लोक बिचकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

धोटा

हुपरीची लेक, एकदम मान्य. हुपरी आणि इचलकरंजी ही जुळी भावंडं.

ताई, तुमच्या 'इमारती'च्या शंकेचं उत्तर राहिलं. इमारत आहे, फक्त ती राजवाड्यासारखी उभी राहून 'मला बघा' म्हणत नाही. जुनी मागाची शेडं बघायला सांगा. कौलारू छप्पर, मधे मधे काचेची कौलं. काही ठिकाणी करवतीच्या दातांसारखं छप्पर, काच उत्तरेकडं. कारण दक्षिणेचं ऊन थेट आलं की सावल्या पडतात आणि तुटलेला धागा दिसत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. विजेचा दिवा महाग होता तेव्हाचं हे शहाणपण. आता पत्रे आणि ट्यूबलाइट. आर्किटेक्चरच्या पोराला यापुढं काही सांगायला नको.

दुसरं, राहतं घर आणि माग एकाच भिंतीत कसे बसवले. जिना कुठून, बीम आत न्यायला दार किती रुंद, कांडीवालीची जागा कुठं, हादरा वर जाऊ नये म्हणून काय केलं (आमच्याकडं काही केलं नव्हतं, भांडी मांडणीवरून पडायची). अशा एका घराचं मोजमाप केलं तर सरांना पंधरा राजवाड्यांपेक्षा ते आवडेल.

आत सोडण्याचं म्हणाल तर मोठ्या कारखान्याच्या गेटवर जाऊ नका, तिथं वॉचमन आणि परवानगी. खर्चीवाल्याकडं जा. खर्चीवाला म्हणजे स्वतःचं सूत नसलेला मागवाला. व्यापारी सूत देतो, हा विणून मजुरी घेतो. त्याचे सहा-आठ माग, दार रस्त्यावर उघडं. "पुण्याहून शिकायला आलाय पोरगा" म्हणा, तोच खुर्ची देईल. मजुरीचं बोलणं निघालं तर 'पीक' हा शब्द कानावर येईल. शेतातलं पीक नव्हे. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. बावन्न पीक म्हणजे इंचात बावन्न. कामगाराची मजुरी पिकावर ठरते आणि संप झाले तेही याच पिकाच्या पैशांवरून. मलाबादे चौकात उभं राहिलात तर ते नाव कामगार चळवळीतलं आहे, एवढं भाच्याला सांगा.

आणि चौंडेश्वरीचं देऊळ. देवांग कोष्टी समाजाची देवी. हातमागापासून विणकाम करणारी ही मंडळी. आज मागावर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं दिसतील, सूत-कापडाच्या पेढीवर मारवाडी बोली ऐकू येईल, सीमेकडची कानडी तर आहेच. सगळं एका चहाच्या गाड्यावर.

जायच्या आधी गावात फोन करून मागाचा सुट्टीचा वार तेवढा विचारा. नाहीतर शांत इचलकरंजी बघाल, ती बघण्यासारखी नाही.

नदीवेस

गोड गोड चाललंय म्हणून कडू सांगतो. पंचगंगा घाटावर जा. वरदविनायकाचं देऊळ आहे, सकाळी छान वाटतं. आणि मग पाण्याकडं बघा. कापड रंगवायला पाणी लागतं आणि रंगवून झालेलं पाणी कुठंतरी जातं. वरनं कोल्हापूरचं सांडपाणी येतं ते वेगळं, कोल्हापूरकरांनी नाक मुरडू नये. २०१२ साली गावात काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हापासून पाणी कुठून आणायचं, वारणेतून की दूधगंगेतून, यावर गावोगाव भांडणं आहेत. २०२२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, नळाला पाणी रोज येतं का ते तिथल्या बायकांना विचारा. औद्योगिक गावाचा वारसा लिहायचा तर नदीसुद्धा त्यातच येते. घाटाचा सुंदर फोटो काढून निघून जाऊ नका.

मंगळवारपेठकरीण

नदीवेस, बरं केलंत. मी नाक मुरडणाऱ्यांपैकीच होते.

ज्येष्ठातला पाऊस

डिसेंबर चुकीचा महिना. जूनमध्ये या, कर्नाटकी बेंदराला. लाकूड ओढायच्या शर्यती बघा. बैल बघून पोरगं प्रकल्प विसरेल.

गंधर्वनगरी

नाट्यगृह राहिलं. नारायणराव बाबासाहेबांच्या नावाचं घोरपडे नाट्यगृह. मागावरनं सुटून नाटकाला बसणारा प्रेक्षक असतो तो, दाद द्यायला कंजूष नाही. १९७४ साली साहित्य संमेलन इचलकरंजीत झालं, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. माझे वडील त्याच्या आठवणी इतक्या सांगायचे की मी गेलोच होतो असं वाटतं. मी तेव्हा दोन वर्षांचा.

खिद्रापूरप्रेमी

एवढं पूर्वेकडं गेलात तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर करूनच या. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वर उघडं आकाश.

मंगळवारपेठकरीण

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय, कारण परत आल्यावर दोन दिवस माझ्या कानात माग चालू होते.

आधी माझा मूर्खपणा. धोटांनी सुट्टीचा वार विचारायला सांगितलेलं मी विसरले. पहिल्या दिवशी दहा वाजता पोचलो तर गल्ल्यांत चिडीचूप. भाचा म्हणाला, "मावशी, हे मँचेस्टर की महाबळेश्वर?" एका मोठ्या कारखान्याच्या गेटवरून हाकलून पण घेतलं, तेही धोटांनी नको म्हणूनही गेलो म्हणून. मग राजवाडा, वाचन मंदिर, घाट असं उरकलं. वाचन मंदिरात भाच्याला एक आजोबा भेटले, ते तीन तास सोडेनात. राजवाड्यात पत्र दाखवल्यावर आत जाऊ दिलं. कॉलेजची पोरं बॅगा टाकून पायऱ्यांवर मोबाइल बघत बसलेली, त्यांना अनुबाईचं नाव विचारलं तर एकीला माहीत होतं. एकीला तरी. संध्याकाळी हुपरीला गेलो. लेकीनं सांगितलं तसंच, चहा आधी आणि चांदी नंतर. फोटो नाही काढले, भाच्यानं ओट्याचं रेखाटन केलं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. उद्यमनगर आणि शाहू मिल त्यामुळं राहिली, उद्यमनगरी रागावू नका. पण यावेळी गावात शिरतानाच काच खाली केली आणि आवाज आला. सांगू कसा, पाऊस पत्र्यावर पडावा तसा, पण ठेक्यात. गावभागात एका खर्चीवाल्याचं दार उघडं दिसलं. आठ माग, त्यातले पाच चालू. बाकीच्या तीन मागांवर वाळत घातलेले कपडे. मालक साठीचे, स्वतःच एका मागावर उभे, कारण कामगार गावाला गेलेला. आम्ही काय विचारतोय ते त्यांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, म्हणून त्यांनी आमच्यासाठी पाचही माग बंद केले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! पाच मिनिटं माग बंद म्हणजे त्यांची तेवढी मजुरी. भाचा म्हणाला, "काका चालू करा, आम्ही खुणांनी बोलू." ते हसले. म्हणाले, आम्ही सगळे तसंच बोलतो.

घरातल्या काकूंनी मला वर नेलं. धोटा, तुमचं खरं आहे, फरशी थरथरते. काकू पोळ्या लाटत होत्या आणि पोलपाटाखाली त्यांनी जुन्या साडीची घडी ठेवलेली, पोलपाट सरकू नये म्हणून. भाच्यानं त्या घराचं माप घेतलं, बीमच्या दारापासून या पोलपाटापर्यंत. खाली काचेची तीन कौलं होती, दोन फुटकी आणि प्लास्टिकनं झाकलेली. त्याच्या वहीत या घराची सात पानं आहेत आणि राजवाड्याचं एक.

वहिफणीवाल्यांकडं मात्र आम्ही पाऊण तासच बसलो, कारण मला कंबर धरली. एक ताई आणि एक काका समोरासमोर. मी विचारलं, "एवढे धागे, चुकत नाहीत?" ताई म्हणाली, "बोलायला लावलासा की चुकतात."

उद्यमनगरींचा प्रश्न भाच्यानं खर्चीवाल्या काकांनाही विचारला, की शाहू मिल बंद पडली आणि तुम्ही चालू कसे. काका म्हणाले, "आम्हाला बंद कोण करणार? आम्ही आमचे आमीच मालक, तोटा पण आमचाच." मग थोडं थांबून म्हणाले, ते बंद असलेले तिन्ही माग पुढच्या महिन्यात भंगारवाला नेणार आहे. वजन करून ठेवलंय.

भाचा आता पुन्हा यायचं म्हणतोय, मार्चमध्ये. मिल आणि उद्यमनगर तेव्हा करू. तोपर्यंत एक मदत हवी आहे. त्याला प्रकल्पाबरोबर ठेवायला जुना लाकडी धोटा हवाय. काकांकडं मागायचं मला जिवावर आलं, मागताच ते देऊन टाकतील आणि त्यांना तो अजून लागतो. कुणाकडं वापरात नसलेला आहे का? किंमत देईन.

पानपट्टी

मावशी, मिसळ खाल्ली का न्हाई ते सांगा आधी.

मंगळवारपेठकरीण

दोन्ही दिवशी.

धोटा

आमच्या माळ्यावर दोन आहेत. एकाचं टोक तुटकं, एक चांगला आहे, आत कांडीसुद्धा तशीच आहे, अर्धी भरलेली. पैसे नकोत. भावाला सांगून ठेवतो, मार्चमध्ये याल तेव्हा घेऊन जा. कोल्हापूरहून येताना शाहूपुरीतनं गुळाची एक ढेप आणा, रवेदार बघून.